फ्रान्समध्ये द्राक्षमळे आणि तळं दोन्ही दिसतील अशी, फार दमछाक न करणारी एका दिवसाची सायकल फेरी कोणती?

सावोआ भागातल्या बूर्जे तळ्याची प्रदक्षिणा करा. पूर्णपणे फ्रान्सच्या हद्दीत असलेलं, हिमनदीने घडवलेलं हे सर्वात मोठं नैसर्गिक तळं. लांबी साधारण 18 किलोमीटर, पूर्ण फेरी 60च्या आसपास.

सुरुवात एक्स-ले-बँ गावातून. पॅरिसहून थेट रेल्वे आहे. पूर्वेचा रस्ता सपाट, पण डोंगर आणि पाणी यांच्यात चेपलेला आणि वर्दळीचा. तो सकाळीच उरकून टाका. उत्तरेला रुफियो गावाजवळ शोतान्य भागातले द्राक्षमळे लागतात. मग शाना गाव (पाटीवर Chanaz, शेवटचा झेड उच्चारत नाहीत). इथे निवांत थांबाच. गावातून सावियेर कालवा जातो. तो तळ्याचं पाणी रोन नदीला नेतो, आणि रोनला पूर आला की प्रवाह चक्क उलटा, तळ्याकडे वाहू लागतो! जवळच अक्रोडाचं तेल काढणारा जुना घाणा आहे. वेळ असेल तर झोंजियो गावाच्या उतारावरचे आल्तेस द्राक्षांचे मळे वाकडी वाट करून बघा.

खरा चढ यानंतर, पश्चिम काठावर. हलका गिअर लावून सावकाश चढा. वरून दिसणारं निळंशार पाणी सगळा शीण घालवतं. ओतकोंबचा मठ अगदी पाण्यालगत आहे, तिथे उतरलात तर तेवढंच परत चढायचं हे धरून चला.

मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. सप्टेंबरात द्राक्षतोडणी चालू असते. लहान गावांतली दुकानं दुपारी बंद असतात, तेव्हा पाणी आणि खाणं आधीच भरून घ्या. आणि गाडी उजव्या बाजूने, हे वळणावर विशेष लक्षात ठेवा.