कंत्राट पाहून शाखा ठरवायची का?

प्रश्न : आम्ही नाशिकचे. मुलगी बारावी सायन्सला आहे. सरकारने १५६ 'प्रचंड' लढाऊ हेलिकॉप्टरांची ऑर्डर दिली, त्याचं कात्रण सोबत जोडलंय. ती बनवणारी सरकारी विमान कंपनी एचएएल इथे ओझरलाच असल्याने तिने खासगी कॉलेजात एरोनॉटिकल घ्यावं असं मला वाटतं. कर्ज काढायची तयारी आहे. ती नुसतं 'बघू' म्हणते. तिला समजवा. – एक पालक

उत्तर : तुमचं दोन पानी पत्र वाचलं. कात्रणातल्या १५६ या आकड्याभोवती तुम्ही लाल पेनाने तीनदा गोल केलाय. मुलीला काय आवडतं, याबद्दल मात्र एक ओळ नाही. सगळ्यात खाली, समासात, पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय : 'सर, मला केमिस्ट्री आवडते, ते बाबांनी लिहिलं नाही.' मी उत्तर त्या ओळीला देतोय.

आधी तुमचा हिशेब पाहू. ओझरला सुखोई आणि तेजस ही लढाऊ विमानं बनतात. हेलिकॉप्टरचे कारखाने कर्नाटकात आहेत, बंगळुरू आणि तुमकुरूला. नाशकात डोक्यावरून घिरट्या घालतात ती गांधीनगरच्या लष्करी प्रशिक्षण शाळेची. आणि संरक्षण खरेदीच्या बातमीवर घर बांधू नये, मुलीचं आयुष्य तर नाहीच. लष्कराच्या जुन्या चेतक-चीता हेलिकॉप्टरांच्या जागी १९७ नवी घ्यायची निविदा २००७ मध्ये रद्द झाली, पुन्हा काढली, २०१४ मध्ये पुन्हा रद्द. २०१५ मध्ये रशियाशी २०० कामोव्ह हेलिकॉप्टरांचा करार झाला, तीही आली नाहीत. तेव्हा कात्रणं कापणाऱ्या बापांचं काय झालं असेल? 'प्रचंड'चं कंत्राट मार्च २०२५ चं, खरं आहे. पण पुरवठा तिसऱ्या वर्षापासून पुढची पाच वर्षं. तुमची लेक पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा निम्मं काम उरकलेलं असेल.

दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो : हेलिकॉप्टर म्हणजे एरोनॉटिकल. एचएएल मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनाही घेते. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं, एचएएलनेच बनवलेलं 'ध्रुव' हेलिकॉप्टर पडलं आणि देशभरातली ध्रुव जमिनीवर बसली. संशय गेला तो स्वॉशप्लेटवर. पायलटच्या हातातल्या दांड्याची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारा हा भाग. तो तुटला की दांडा कितीही ओढा, पातं ऐकत नाही. धातूला तडा कुठून सुरू झाला, तो मिश्रधातूतला दोष की थकवा, हे तुटलेला पृष्ठभाग मायक्रोस्कोपखाली धरून सांगणारा माणूस धातुशास्त्राचा असतो. आणि धातुशास्त्राची अर्धी मुळं केमिस्ट्रीत आहेत.

एमएचटी-सीईटी, जेईई हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेतच. पुण्याची सीओईपी आणि नागपूरची व्हीएनआयटी या सरकारी इंजिनिअरिंग संस्थांत धातुशास्त्र आहे, तिथली फी खासगी कॉलेजांच्या मानाने बरीच कमी. शुद्ध केमिस्ट्रीत बीएस्सी करायची असली तरी माझी हरकत नाही, तुमचीही नसावी. कर्ज मात्र आत्ता काढू नका.

सुट्टीत तिला पुण्याला घेऊन जा, धातुशास्त्र शिकणाऱ्या एखाद्या मुलीशी तासभर बोलू द्या. तुम्ही बाहेर चहा घ्या.