चवळीला भुंगे लागतात, मग राजम्याला का नाही?

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून एकाच दिवशी आणलेल्या कडधान्यांपैकी चवळीला भुंगे लागले आणि राजमा शाबूत राहिला, असे का, हा आपला प्रश्न आहे. चवळीचा दाणा भिंगातून पाहिल्यास त्यावर चिकटवलेली पांढरट अंडी आणि भुंगा पोखरून बाहेर पडल्याचे गोल भोक स्पष्ट दिसते. याच भुंग्याची मादी राजम्यावरही अंडी घालते, परंतु तिथे अळी जगत नाही. राजम्यात इतर संरक्षक द्रव्यांबरोबर असे एक प्रथिन असते, जे अळीच्या आतड्यातील पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराला (एन्झाइमला) निकामी करते, त्यामुळे भरल्या दाण्यात बसूनही ती उपाशी मरते.

हा बंदोबस्त अभेद्य मात्र नाही. मूळच्या अमेरिका खंडातील झॅब्रोटीस नावाच्या भुंग्याच्या आतड्यातील दुसरे एक विकर ते प्रथिनच तोडून टाकते, म्हणून तो राजमा खुशाल खातो.

याहून विलक्षण उदाहरण कोस्टा रिकातील एका वेलीचे आहे. तिच्या बियांत कॅनाव्हनीन हे विष भरपूर असते. ते आर्जिनीन या अमिनो आम्लासारखे, म्हणजे प्रथिनांच्या एका घटकासारखे, भासते आणि त्याच्या जागी प्रथिनांत शिरून ती बिघडवते. कॅरिडीस ब्राझिलिएन्सिस हा भुंगा मात्र दोन्हींतला फरक अचूक ओळखतो, इतकेच नव्हे तर त्या विषाचे विघटन करून त्यातला नायट्रोजन स्वतःच्या वाढीसाठी वापरतो.

आपल्याकडे भाजीसाठी लावल्या जाणाऱ्या अबईच्या बियांतही कॅनाव्हनीन असते.