लघुग्रहाचा धोका ‘टळला’ का?

एका वाचकाने विचारलं आहे: ‘फेब्रुवारी २०२५ मध्ये लघुग्रहाच्या बातम्यांत आधी “आदळण्याची शक्यता वाढली” असं आलं आणि थोड्याच दिवसांत “धोका टळला”. हे “टळला” बरोबर आहे का?’

व्याकरणाने बरोबर आहे. अर्थाने मला ते अजिबात पटत नाही.

टळतं ते, जे येऊन ठेपलेलं असतं. गाडी दरीच्या कठड्याला टेकून थांबते तेव्हा अपघात टळतो. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असं आपण म्हणतो तेही अशाच प्रसंगी. वेळेबाबतही तेच आहे: दुपार टळते, मुहूर्त टळतो. डोक्यावर आलेलं ऊन कलतं, आलेली घटका निघून जाते.

आता त्या लघुग्रहाकडे बघू. त्याचं नाव २०२४ वायआर४. चिलीतल्या दुर्बिणीला तो २७ डिसेंबर २०२४ रोजी दिसला. अंदाजे ४० ते ९० मीटरचा हा दगड २२ डिसेंबर २०३२ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता सुरुवातीला एक टक्क्याच्या आसपास होती. १८ फेब्रुवारीला ती ३.१ टक्क्यांवर गेली आणि महिना संपायच्या आत जवळजवळ शून्यावर आली. तो पडलाच तर कुठे पडू शकेल, तो पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. त्यात मुंबईचंही नाव घेतलं जात होतं, त्यामुळे आपल्याकडे काळजी वाटणं साहजिकच होतं.

पण या दोन महिन्यांत त्याने वाट बदलली नव्हती. बदललं ते आपलं मोजमाप. समजा, दहा डब्यांपैकी एकात किल्ली आहे आणि आपला जीव अडकलाय पिवळ्या डब्यात. एकेक डबा रिकामा निघाला की पिवळ्याची शक्यता वाढत जाते: दहात एक, पाचात एक, दोनात एक. मग किल्ली दुसऱ्याच डब्यात सापडते आणि पिवळ्याची शक्यता एकदम शून्य होते. किल्ली मात्र पहिल्यापासून होती तिथेच होती. नव्या निरीक्षणांनी असेच एकेक मार्ग बाद होत गेले, म्हणून आकडा आधी चढला आणि मग कोसळला.

‘टळला’ वाचणाऱ्याला वाटतं, दगड येत होता आणि कशाने तरी हुकला. किंवा त्याहून वाईट, शास्त्रज्ञांनी उगाच घाबरवलं. दुसरा समज मला जास्त खुपतो, कारण त्या लोकांनी आपलं काम चोख केलं होतं. मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत: शक्यता मावळली, शंका फिटली. मथळ्यात ‘धोका नसल्याचं स्पष्ट’ एवढं लिहिलं तरी पुरे.

‘टळणे’ शोभतं कुठे? रशियात चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सुमारे २० मीटरचा दगड हवेत फुटला. बहुतेक फुटलेल्या काचांमुळे जवळपास १,५०० माणसं जखमी झाली, पण कोणी दगावलं नाही. तिथे ‘जीवितहानी टळली’ हे अक्षरशः खरं आहे.

‘टाळणे’ त्याहून वेगळं, त्याला करणारा लागतो. २६ सप्टेंबर २०२२ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं आणि त्याची डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीची फेरी सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. त्या जोडीपासून पृथ्वीला भय नव्हतं, ती चाचणी होती. पण उद्या खरोखर अंगावर येणारा दगड असा वळवला, तर ‘टक्कर टाळली’ असं हक्काने लिहावं.

१३ एप्रिल २०२९ला अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, म्हणजे आपल्या भूस्थिर उपग्रहांच्याही आतून. निदान शंभर वर्षं तो आदळणार नाही, हे २०२१मध्येच नक्की झालं आहे. त्या दिवशी ‘संकट टळलं’ नको. ‘अपोफिस जवळून गेला’ एवढंच लिहावं.