चवली म्हणजे दोन आणे, चार नव्हे

प्रश्न असा आहे: घरात आजोबांची १९४० च्या सुमाराची हिशेबाची वही सापडली. तीत एका ओळीत ‘चवली १, पावली १’ आणि पुढे सहा आणे मांडले आहेत. चवली म्हणजे चार आणे, तेव्हा पावली दोन आण्यांची होती का? आणि जाता जाता, सुटे, मोड, चिल्लर, खुर्दा यांत काही फरक आहे का?

नेमके उलटे आहे. पावली चार आण्यांची, चवली दोन आण्यांची, अधेली आठ आण्यांची. बेरीज दोन्हीकडून सहाच येते, म्हणून तुमचा घोळ त्या ओळीने मिटला नाही. पण त्याच ओळीतली रकमेची खूण पाहा. जुन्या मांडणीत रुपयाचा पाव हिस्सा उभ्या रेघेने दाखवत आणि आणे आडव्या किंवा तिरक्या रेघांनी. सहा आणे म्हणजे एक उभी रेघ आणि पुढे दोन आडव्या: ।=. उभी रेघ ही पावली, दोन आडव्या ही चवली. वहीत कुठे नुसती चवली खर्ची पडली असेल तर तिथे फक्त दोन आडव्या रेघा दिसतील.

चवलीला चार आणे म्हणण्याची ही चूक इतक्या ठिकाणी वाचावी लागते की आता सविस्तर लिहिणे भाग आहे. जुन्या काळावरच्या मालिकांत ‘चवली दे’ म्हणत चार आणे पुढे केले जातात. दिवाळी अंकांतल्या आठवणींमध्ये संपादक कंसात ‘२५ पैसे’ घालून मोकळे होतात. ज्यांच्या लहानपणी चवली हातात होती त्यांच्या आठवणीत मागाहून दुसऱ्या कोणी चुकीचा आकडा घालावा, हे मला अजिबात पटत नाही.

चूक कुठून आली ते उघड आहे. हिंदीत चवन्नी म्हणजे चार आणे. ‘चव’ दिसला की चार, आणि चवन्नी ऐकून ऐकून चवली हे तिचेच मराठी रूप वाटते. पण दोन्ही भाषांची नाणी मोजण्याची रीतच वेगळी आहे. हिंदी आणे मोजते: इकन्नी, दुअन्नी, चवन्नी, अठन्नी. मराठी रुपयाचे हिस्से पाडते: अधेली म्हणजे अर्धा, पावली म्हणजे पाव. पावली जर रुपयाचा पाव हिस्सा आहे, तर त्याच पाव हिश्श्याला चवली हे दुसरे नाव कशाला लागेल? आणि तसे असते तर दोन आण्यांना मराठीत नावच उरले नसते. दोन आण्यांचे नाणे बाजारात दिवसभर फिरत होते आणि ते बिननावाचे राहिले, असे कसे होईल?

आता मूळ मुद्दा. चवली दोन आण्यांची, तर तिच्या नावात चार का? इथे तीन मते आहेत आणि तिसरे माझे आहे.

पहिले मत: नाणे चौकोनी होते म्हणून चवली. ज्यांनी १९५० च्या नाणेमालिकेतले दोन आण्यांचे नाणे पाहिले आहे त्यांना हे पटकन पटते. चौकोनी, कोपरे गोलसर केलेले, एका बाजूला बैल. मुठीत धरले की चार कोपरे वेगवेगळे कळायचे, अंधारातही चूक होत नसे. पण हा चौकोन १९१८ चा. त्याआधी दोन आणे चांदीचे आणि गोल होते, आणि चवली हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या कोशांतही आहे. हे मत तारखेनेच बाद होते.

दुसरे मत: दोन आणे म्हणजे चार ढब्बू पैसे, म्हणून चवली. हिशेब चोख आहे. आण्याचे चार पैसे, ढब्बू दोन पैशांचा, तेव्हा दोन आण्यांचे चार ढब्बू. हे मत मांडणारे मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात आणि मला ते मुळीच मान्य नाही. चांदीच्या नाण्याला तांब्याच्या मोजणीवरून नाव पडायला तांब्याचा भाव आधी स्थिर हवा. पेशवाईत रुपयाला किती पैसे हे गावागणिक आणि दिवसागणिक बदलत असे, आणि त्या फरकावरच सराफांची पेढी चाले. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार तिथलाच: झिजलेल्या किंवा परक्या नाण्यावर सराफ जी कसर कापून घेई तो बट्टा. ज्या बाजारात रुपयाचे पैसे रोज बदलतात तिथे ‘चार ढब्बूंची ती चवली’ असे कायमचे नाव पडत नाही. रुपयाला चौसष्ट पैसे हे कोष्टक सरकारने घट्ट बांधले ते इंग्रजी अमदानीत. शिवाय ढब्बूंवरून नाव पडायचे तर त्याच चालीने पावलीला ‘आठवली’ म्हणायला हवे होते. तसे कोणी म्हटलेले नाही.

तिसरे मत सांगतो. चवलीचे मूळ रुपयात शोधायचेच नाही, सोन्यात शोधायचे. दक्षिणेतल्या सोन्याच्या जुन्या कोष्टकात दोन गुंजांचा एक दुगल आणि दोन दुगलांचा एक चवल. म्हणजे चवल चार गुंजांचा. नावातले चार सापडले, आणि ते आणे नाहीत, पैसे नाहीत, गुंजा आहेत.

मग चार गुंजांचे दोन आणे कसे झाले? रुपया सर्वत्र होण्याआधी कृष्णेच्या दोन्ही तीरांवर मोठा व्यवहार सोन्याच्या नाण्यांत चालत होता. होन हा शब्दच कन्नड ‘होन्नु’ म्हणजे सोने यावरून आलेला. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन पाडला तो याच परंपरेत. विजयनगरचे सोन्याचे नाणे वराह, ते सुमारे ३.४ ग्रॅमचे. गुंज ०.१२ ग्रॅम धरली तर चार गुंजा ०.४८ ग्रॅम, म्हणजे वराहाचा सातवा हिस्सा. बरोबर आठवा येत नाही, यावर माझ्याशी वाद घातला जातो. पण गुंज हे झाडाचे बी आहे, टाकसाळीत पाडलेले वजन नव्हे. जातीप्रमाणे आणि सुकण्याप्रमाणे ते कमीजास्त भरते. गुंज ०.१०६ ग्रॅमची घेतली की वराहाच्या बत्तीस गुंजा होतात आणि चवल बरोबर आठवा हिस्सा होतो. दुप्पट-निमपटीने चालणाऱ्या कोष्टकाला बत्तीस हाच आकडा शोभतो: दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. सत्तावीस किंवा अठ्ठावीस गुंजांचे नाणे त्या साच्यात बसणार नाही.

म्हणजे चवल हे मोठ्या नाण्याच्या आठव्या हिश्श्याचे नाव झाले. पुढे मोठे नाणे बदलले, सोन्याच्या जागी चांदीचा रुपया आला, पण ‘आठवा हिस्सा म्हणजे चवल’ ही सवय राहिली. रुपयाचा आठवा हिस्सा दोन आणे. म्हणून चवली दोन आण्यांची, आणि म्हणूनच ती अधेली आणि पावली यांच्या रांगेत नीट बसते: अर्धा, पाव, अर्धपाव. हे माझे मत आहे, पण याइतके सगळे दुवे जोडणारे दुसरे मत माझ्या पाहण्यात नाही.

याच्या उलट चालीचा शब्द म्हणजे दमडी. ग्रीकांचे द्राख्मा हे चांदीचे घसघशीत नाणे. त्याचे आपल्याकडे द्रम्म झाले, द्रम्माचा दाम झाला. अकबराच्या काळात दाम तांब्याचा होता आणि रुपयाला चाळीस दाम मिळत. दामाची दमडी झाली आणि शेवटी दमडी म्हणजे ज्याला काही किंमत नाही असा तुकडा. दमडीत नाव टिकले आणि मोल घसरत गेले. चवलीत धातू बदलत गेला, सोन्याची चांदी झाली आणि चांदीचे तांबे-निकेल झाले, पण हिस्सा जागचा हलला नाही. आज जी मंडळी चवलीला चार आणे म्हणतात ती हा हिस्साच हलवत आहेत. माझी तक्रार एवढ्यासाठीच आहे.

चवली विसरली कधी गेली तेही सांगता येते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आठ आण्यांचे पन्नास आणि चार आण्यांचे पंचवीस असे चोख उतरले, त्या किमतीची नाणीही निघाली, आणि लोक त्यांना पुढे कित्येक वर्षे आठ आणे, चार आणेच म्हणत राहिले. दोन आण्यांचे मात्र साडेबारा होतात. सरकारी तक्त्यात दोन आण्यांना बारा नये पैसे लावले गेले. पावली दिली तर पंचवीस, पण दोन चवल्या एक एक करून दोन दुकानांत दिल्या तर चोवीसच. त्या अर्ध्या पैशाने चवलीचा घात केला. बारा पैशांचे नाणे कधी निघाले नाही, दहा पैशांना कोणी दोन आणे म्हटले नाही. १९६४ साली ‘नया’ हा शब्द गळून नुसता पैसा उरला तोवर मुलांच्या हातून चवली गेली होती. नाव उरले आणि त्याला चिकटायला नाणे नव्हते, म्हणून ते जवळच्या चवन्नीला जाऊन चिकटले. पुढे ३० जून २०११ ला चार आण्यांचे नाणेही चलनातून गेले. आता तर पावलीही ऐकून माहीत असलेली गोष्ट झाली आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सुटे, मोड, चिल्लर आणि खुर्दा हे एकाच गोष्टीचे चार शब्द नाहीत.

मोड ही नेहमी कशाची तरी असते: पाचशेची मोड, शंभराची मोड. मोडणे या क्रियापदाचे ते नाम आहे, म्हणून आधी मोडायला मोठी नोट लागते. सुटे हे बंद्याच्या उलट. एसटीत वाहक ‘बंदे नको, सुटे द्या’ म्हणतो आणि सुटे नसले तर तिकिटामागे पेनाने बाकी लिहून देतो. तो बंदा म्हणजे बांधलेला, अखंड. ‘बंदा रुपया’ म्हणजे न मोडलेला पुरा रुपया. त्याला फारसीतल्या सेवक अर्थाच्या ‘बंदा’शी जोडणे चूक आहे. बांधलेला आणि सुटलेला ही जोडी समोर असताना फारसीकडे धाव घ्यायची गरज काय? पाचशेच्या बदल्यात शंभराच्या पाच नोटा मिळाल्या तर ते सुटे झाले. त्यांना चिल्लर म्हणणे चूक. चिल्लर म्हणजे नाणीच. हा शब्द द्राविडी भाषांकडून आलेला, कन्नडात ‘चिल्लरे’ आणि तमिळमध्ये ‘चिल्लरै’. तिकडे किरकोळ विक्रीच्या दुकानालाही तोच शब्द लागतो. आजकाल एटीएममधून दोनशेच्या नोटा आल्या तरी ‘चिल्लर मिळाली’ म्हणतात, ते कानाला खटकते.

खुर्दा मात्र फारसीच, आणि तो तुम्ही रोज पाट्यांवर वाचता. फारसीत ‘खुर्द’ म्हणजे लहान आणि ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर. पुण्यात आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द, कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द अशा जोड्या आहेत. बुद्रुक म्हणजे जुने आणि खुर्द म्हणजे नवे असे सांगणारे भेटतात, ते चूक. मोठे आणि धाकटे एवढाच अर्थ. तोच ‘खुर्द’ पैशांत आला आणि बारीक नाण्यांचा खुर्दा झाला. म्हणून एकटे नाणे खुर्दा होत नाही, ढीग लागतो. वहीत पुढे कुठे ‘खुर्दा’ असे लिहून शेजारी रक्कम असेल, तर ती पै-पैशांची एकत्र मोजलेली रास समजा आणि तिच्यात चवली-पावली धरू नका. ती चांदीच्या मानाची नाणी. बारीक तांब्यात त्यांना कोणी मिसळत नसे.