पुण्यात पहिल्या वर्षाला येतोयस ना?

पहिल्या आठवड्यात नवी पुस्तकं घेऊ नकोस. आधी सीनियरना विचार, मग अप्पा बळवंत चौकात जा. जुनी पुस्तकं तिथे बरीच स्वस्त मिळतात. मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मात्र लगेच झेरॉक्स करून ठेव.

सगळ्यात महत्त्वाचा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज. शेवटच्या तारखेची वाट बघू नकोस. उत्पन्नाचा, जातीचा दाखला, डोमिसाइल हे सगळं गावी असतानाच सेतूतून काढून आण. नाहीतर एका कागदासाठी दोन दिवस आणि एसटीचं भाडं जातं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा बँकेत स्वतः जाऊन जोडणी तपास. माझा पहिल्या वर्षीचा हप्ता एवढ्याचमुळे अडकला होता. आईला फोनवर ते सांगताना फार जड गेलं, म्हणून तुला जीव तोडून सांगतोय.

मेसचं महिन्याचं कार्ड घेण्याआधी दोन-तीन दिवस सुटे पैसे देऊन जेवून बघ. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, त्या जेवणाची सोय आधीच कर.

आणि जर्नलवर, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीवर, दर आठवड्याला सरांची सही घेत जा. सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवून घ्यायला कुणाचीच जर्नल मोकळी मिळत नाही.