एक महिना म्हणजे नक्की किती दिवस?

प्रश्न: पायथनमध्ये सबस्क्रिप्शनचं ॲप बनवतोय. ३१ जानेवारी २०२५ ला जॉइन झालेल्या युजरच्या तारखेत टाइमडेल्टाने (पायथनमधला वेळेचा फरक मोजणारा प्रकार) ३० दिवस मिळवले तर थेट २ मार्च आली, फेब्रुवारीचं बिलच निघालं नाही. मग डेटयुटिल या लायब्ररीतलं रिलेटिव्हडेल्टा वापरून एक महिना मिळवला, २८ फेब्रुवारी आली, पण त्यानंतर दर महिन्याला २८च येतेय. चुकतंय कुठे?

उत्तर: लायब्ररी बरोबरच आहे, तुम्ही बेरीज चुकीच्या तारखेपासून करताय. टाइमडेल्टात महिना नाहीच आणि तो मुद्दाम ठेवलेला नाहीये, कारण दिवस, तास, सेकंद मोजता येतात पण महिना कधी २८ दिवसांचा कधी ३१ चा. रिलेटिव्हडेल्टा कॅलेंडरवर एक पान पुढे जातं, तिथे ३१ तारीख नसेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेवर थांबतं. आता तुम्ही डेटाबेसमध्ये २८ फेब्रुवारी सेव्ह केलीत आणि पुढच्या वेळी त्यातच एक महिना मिळवलात, मग मुळात ३१ होती हे त्या बिचाऱ्या कोडला कळणार कसं? म्हणून जॉइन झाल्याची मूळ तारीख कायम जपून ठेवा आणि दरवेळी तिच्यातच १, २, ३ असे महिने मिळवा, ३१ जानेवारी अधिक २ महिने म्हणजे ३१ मार्च, बरोब्बर येते. वजाबाकीचंही तसंच, ३१ मार्चमधून एक महिना वजा करून परत एक मिळवला तर २८ मार्च येते, त्यामुळे उलटं करून चेक करायची सवय इथे सोडून द्या. आणि हो, वेबसाइटवर हीच तारीख जावास्क्रिप्टच्या सेटमंथने (तारखेचा महिना बदलणारं फंक्शन) काढत असाल तर तिथे ३१ फेब्रुवारी नाही म्हणून ती पुढे सांडते आणि ३ मार्च होते. म्हणजे युजरला स्क्रीनवर एक तारीख दिसणार आणि पैसे कटणार दुसऱ्याच दिवशी, हे मला फार खटकतं, तारीख एकाच ठिकाणी, सर्व्हरवरच काढा.

प्रश्न: २४ तास मिळवणं आणि एक दिवस मिळवणं सारखंच ना?

उत्तर: नाही, जिथे उन्हाळा-हिवाळ्यानुसार घड्याळ पुढेमागे करतात तिथे तर अजिबात नाही. न्यूयॉर्कमध्ये ९ मार्च २०२५ ला रात्री २ चे एकदम ३ वाजले, तो दिवस २३ तासांचाच होता. ८ तारखेच्या रात्री ८ मध्ये एक दिवस मिळवला तर ९ ला रात्री ८, पण खरे २४ तास मिळवले तर रात्रीचे ९ वाजतात. जावाच्या झोन्डडेटटाइममध्ये (टाइमझोनसकट तारीख-वेळ) प्लसडेज आणि प्लसअवर्स हा फरक नीट पाळतात. पायथन मात्र टाइमझोन लावलेल्या वेळेतही घड्याळाचे काटेच पुढे सरकवतो, २४ तास म्हटलं तरी ८च दाखवतो, म्हणून खरा गेलेला वेळ हवा असेल तर आधी यूटीसीत (घड्याळ पुढेमागे न होणारी जागतिक प्रमाणवेळ) न्या, तिथे मिळवा, मग परत लोकल करा. औषधाचा पुढचा डोस २४ तासांनी असेल तर यूटीसी, रोज सकाळी ७ चा अलार्म असेल तर लोकल घड्याळ.

प्रश्न: दोन वेळांची वजाबाकी केली, फरक १ दिवस २ तास, पण सेकंद ७२०० च येतात?

उत्तर: टाइमडेल्टाचं सेकंड्स फक्त पूर्ण दिवस सोडून उरलेले सेकंद देतं. टोटल सेकंड्स वापरा, ९३,६०० येतील.