वीस मीटर म्हणजे वीसच मीटर
वाचकांचे प्रश्न, अभ्यासकांची उत्तरं

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे, शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करतोय. कबड्डी खेळणाऱ्या १३ ते १५ वयाच्या मुलींना प्लायोमेट्रिक सराव (उड्यांचा सराव) दिला तर दमश्वास वाढतो का, हा विषय. १२ मुलींवर सहा आठवडे करून पाहिलं, बीप टेस्टमध्ये (बीपच्या तालावर दोन रेघांमध्ये वाढत्या वेगाने धावण्याची चाचणी) फरक आला. आता ४० मुलींवर १२ आठवडे करायचं आहे. गाइड म्हणतात, कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी, हा सराव न दिलेला गट) हवाच. पण निम्म्या मुलींना सरावातून वगळायचं कसं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : गाइडचं बरोबर आहे. या वयात मुली वाढत असतात, जून ते सप्टेंबर स्पर्धांची तयारी आधीच चालू असते, आणि बीप टेस्ट दुसऱ्यांदा देताना वेग कसा राखायचा हे कळलेलं असतं. एकही उडी न मारता आकडा वाढायला ही तीन कारणं पुरेशी आहेत. वाढ उड्यांमुळे झाली की यांच्यामुळे, हे एकाच गटाकडे बघून सांगता येत नाही.

कुणाला वगळण्याची मात्र गरज नाही. रोजचा सराव चाळीसही जणींचा चालू ठेवा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये ४८ तासांची विश्रांती ठेवून, वीस जणींना २५ मिनिटं प्लायोमेट्रिक आणि उरलेल्या वीस जणींना तेवढाच वेळ चढाई-पकडीची कौशल्यं द्या. बारा आठवडे संपले की दुसऱ्या गटालाही तोच सराव द्या, आणि हे पालकांना आधीच सांगा. उड्यांची सुरुवात एका सत्रात ६० पदस्पर्शांपासून करा आणि हळूहळू १०० पर्यंत न्या. गुडघा आत वळत असेल, तर संख्या वाढवू नका.

गट पाडताना ‘चांगल्या मुली इकडे’ असं होऊ देऊ नका. पहिल्या बीप टेस्टच्या क्रमाने यादी करा, दोन-दोनच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीत चिठ्ठी टाका. चिठ्ठी उचलणारी व्यक्ती तुमच्या संघाशी संबंध नसलेली हवी.

आता मोजमाप. बहुतेक प्रबंध इथेच ढासळतात. बीप टेस्टमधलं अंतर २० मीटर. पहिला टप्पा ताशी ८.५ किलोमीटरचा, पुढे दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वाढ. ही चाचणी तयार करणारे संशोधक लेजे यांच्या समीकरणात ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता अशी निघते : ३१.०२५ + ३.२३८ × वेग – ३.२४८ × वय + ०.१५३६ × वेग × वय. चौदा वर्षांची मुलगी ताशी १०.५ किलोमीटरच्या टप्प्यापर्यंत गेली, तर दर किलो वजनामागे मिनिटाला ४२.१ मिली. आता समजा, नंतरच्या चाचणीच्या दिवशी फक्कीची रेघ पावलांनी मोजून मारली आणि अंतर १९ मीटर भरलं. मुलीचा खरा वेग ९.९७५ च होता, म्हणजे खरा आकडा ३९.३. तुम्ही लिहिणार ४२.१. जवळजवळ तीन एककांची ही ‘सुधारणा’ बारा आठवड्यांच्या सरावातून मिळणाऱ्या वाढीच्या तोडीची आहे, आणि ती आली फक्कीतून. म्हणून दोन्ही वेळा स्टीलच्या टेपनेच मोजा. कापडी टेप ताणली जाते.

बाकी पथ्यंही तितकीच महत्त्वाची. मैदान तेच ठेवा (एकदा माती, एकदा मॅट नको), वेळ तीच ठेवा, बूट तेच किंवा दोन्ही वेळा अनवाणी, आणि जेवणानंतर किमान दोन तास गेलेले असू द्या. पहिल्या मोजणीआधी दोनदा रंगीत तालीम घ्या, म्हणजे सवयीचा फायदा आधीच निघून जाईल. सलग दुसऱ्यांदा रेघ चुकली की बाद, हा नियम लाडक्या रेडरलाही लावा. नोंद करणाऱ्याला कोण कुठल्या गटातली हे माहीत नसेल तर उत्तम.

आणि दोन्ही गटांच्या वेगवेगळ्या टी-टेस्ट (सरासरींतला फरक तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) करून ‘इथे सिग्निफिकंट, तिथे नाही’ असं लिहू नका. सुरुवातीचा आकडा लक्षात घेऊन दोन गटांची थेट तुलना करायची असते. त्यासाठी अँकोव्हा ही संख्याशास्त्रीय पद्धत वापरा. प्रयोगाची नोंद सीटीआरआय या वैद्यकीय प्रयोगांच्या राष्ट्रीय नोंदवहीत विनामूल्य होते, पण ती पहिली मुलगी अभ्यासात घेण्याआधी करायची. नैतिकता समितीची मंजुरी त्याच्याही आधी.

प्रश्न : सगळे ३८४ चा सॅम्पल घेतात. हा आकडा कुठून आला? माझ्या गावात १२०० घरं आहेत.
– समाजकार्याची विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : १.९६ चा वर्ग × ०.५ × ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४. एखाद्या गोष्टीचं प्रमाण पाच टक्के कमी-जास्त चुकीच्या मर्यादेत काढायचं असेल आणि लोकसंख्या प्रचंड असेल, तेव्हाचा हा आकडा. १२०० घरांसाठी दुरुस्ती करून २९१ पुरतात. दहा टक्के लोक नकार देतील असं धरून ३२३ घरांची यादी काढा. मात्र एकाच गावाऐवजी वीस गावांतून घरं निवडणार असाल तर आकडा वाढवावा लागतो, कारण एका गावातले लोक एकमेकांसारखे असतात. आणि दोन गटांची तुलना करायची असेल तर हे सूत्रच चालत नाही.

प्रश्न : ऊसतोड महिलांच्या आरोग्यावर आमचा विभाग अभ्यास करतोय. इंग्रजी प्रश्नावलीचं प्रमाण मराठीत भाषांतर करून घेतलं, पण बायका प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणतात.
– एक संशोधन सहायक, बीड

उत्तर : ‘आपणांस श्वेतप्रदराचा त्रास आहे का?’ याला ‘नाही’शिवाय काय उत्तर येणार? ‘अंगावरून पांढरं जातं का?’ असं विचारलं की बोलणं सुरू होतं. ‘गर्भाशय शस्त्रक्रिया’ म्हणू नका, ‘पिशवी काढली का?’ म्हणा. पाळीसाठी कुणी ‘अडचण’ म्हणेल, कुणी ‘बाहेरची’. नैराश्याला ‘कशातच मन लागत नाही’, ‘जीव घुसमटतो’. हे शब्द आधी त्यांच्याकडूनच गोळा करा.

पद्धत अशी : दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, मग दोन्ही एकत्र करायची. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं. अर्थ कुठे घसरला ते तिथे दिसतं. त्यानंतर आठ-दहा बायकांना प्रत्येक प्रश्नावर विचारायचं, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तुमच्या सगळ्या ‘नाहीं’चं मूळ तिथेच असतं. मग तीसेक जणींवर चाचणी.

पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) वापरत असाल तर ‘गेल्या दोन आठवड्यांत’ऐवजी ‘मागच्याच्या मागल्या बाजारापासून’ म्हणा. ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ हा पर्याय अडतो. पुढ्यात १४ खडे ठेवा आणि त्रासाच्या दिवसांइतके बाजूला काढायला सांगा. ०-१ खडे म्हणजे ०, २-६ म्हणजे १, ७-११ म्हणजे २, १२-१४ म्हणजे ३. हा बदल अहवालात नोंदवा. नवव्या प्रश्नात जीव देण्याच्या विचारांबद्दल विचारलं जातं. तिथे ‘हो’ आलं तर पुढचा प्रश्न नाही. थांबायचं, तिला एकटं सोडायचं नाही, टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून द्यायचा आणि जवळच्या डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. ही व्यवस्था आधी लावता येत नसेल, तर प्रश्नावली घेऊन जाऊच नका.

पिशवी कितव्या वर्षी काढली, याला ‘तीस’, ‘पस्तीस’ अशी गोल उत्तरं येतील. त्याऐवजी धाकटं लेकरू तेव्हा केवढं होतं, नोटबंदीच्या आधी की नंतर, लॉकडाउनच्या आधी की नंतर, त्या साली कुठल्या कारखान्यावर होता, असं विचारत वर्ष काढा. विचारणारी बाईच हवी आणि आसपास मुकादम नको. तोडीवरून आलेली बाई चूल पेटवत असताना तासभराची मुलाखत मागू नये. लांबलचक भाग पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर) गावी जाऊन घ्या.

आणि नुसत्या सांगण्यावर थांबू नका, शक्य असेल तिथे तपासणीही करा. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली (१९८९). ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले आणि आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बीडमधल्या पिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. तुमच्या आकड्यांवर उद्या कुणाचं तरी ऑपरेशन टळू शकतं, म्हणून एवढी काटेकोरी.

प्रश्न : मुलीच्या शाळेत विद्यापीठाचे लोक हिमोग्लोबिन तपासायला येणार आहेत. संमतिपत्र आलंय. सही करू का?
– एक आई, वय वर्षं १३ च्या मुलीची, चिपळूण

उत्तर : सही करण्याआधी कागदावर हे सापडतंय का बघा : रक्त किती आणि कुठून घेणार, रिपोर्ट तुम्हाला कधी मिळणार, नकार दिला तर शाळेत काही फरक पडणार नाही हे स्पष्ट लिहिलंय का, उरलेल्या रक्ताचं काय करणार, आणि नैतिकता समितीचा फोन नंबर. मुख्याध्यापकांनी दिलेली परवानगी तुमच्या सहीची जागा घेत नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बारा वर्षांवरच्या मुलीची स्वतःची लेखी तयारीही लागते, तेव्हा तिलाही वाचायला द्या. तिने ऐन वेळी नाही म्हटलं तर ते नाहीच.

बोट टोचून घेणार असतील तर पहिला थेंब पुसून टाकायला हवा आणि बोट पिळू नये. पिळलं की पेशींभोवतालचं पाणी मिसळून आकडा कमी दिसू शकतो. तिच्या वयाला १२ ग्रॅमच्या खाली ॲनिमिया धरतात. आकडा ८ च्या खाली आला तर अहवाल छापून होईपर्यंत थांबायचं नसतं. त्याच दिवशी तुम्हाला कळवून दवाखान्यात पाठवायला हवं, आणि हे कोण करणार त्याचं नाव संमतिपत्रावर मागून घ्या.